चार खोल्यांच्या सिस्टर

आमच्या सिस्टर बोलता बोलता समोरच्याचं मनगट हातात घ्यायच्या. मासळीवाली असो, मीटर वाचायला आलेला माणूस असो, की मुंबईहून नुकतंच उतरलेलं पाहुण्यांचं कुटुंब असो, दोन वाक्यं झाली की त्यांची तीन बोटं मनगटावर आणि नजर पदराला उलट्या टाचलेल्या घड्याळावर. बोलणं चालूच. अर्ध्या मिनिटानं हात सोडायच्या आणि 'ठीक आहे' किंवा 'पाणी कमी पिता' एवढंच म्हणून पुढे जायच्या. नवख्या माणसाला मधल्यामध्ये काय झालं ते कळायचंसुद्धा नाही.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा काम मागायला गेले तेव्हा माझाही हात असाच धरला होता. मी अकरावीला होते, सायन्सला, श्रीवर्धनच्या कॉलेजात. आमचं गाव तिथून एसटीनं पाऊण तास आत, भातशेतीचं. शनिवार-रविवार कुठे काम मिळालं तर येण्याजाण्याचं आणि वह्यापुस्तकांचं भागेल, म्हणून मी 'घरगुती राहण्याची सोय' अशी पाटी बघून एका सुपारीच्या वाडीत शिरले. पोफळींच्या मधोमध एक कौलारू घर, त्याच्या बाजूला ओळीनं चार खोल्या, आणि अंगणात वाळत घातलेल्या सुपारीपाशी खुर्ची टाकून बसलेल्या ह्या बाई. केस घट्ट बांधलेले, सुती साडीला इस्त्री इतकी कडक की बसल्या जागी साडीचा आवाज यावा.

"काय येतं?" त्यांनी विचारलं.

"सगळं येतं."

"नाडी पळतेय तुझी. सगळं येत नाही. काय येतं ते सांग."

"भाकरी येते. झाडलोट येते. गणित येतं."

"रविवारपासून ये. नखं कापून ये."

झाली मुलाखत.

सिस्टर मूळच्या चौलच्या. लग्न केलं नव्हतं. सारी नोकरी जिल्ह्यातल्या निरनिराळ्या सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून गेली. निवृत्त झाल्यावर ही लहानशी वाडी घेतली, खोल्या बांधल्या आणि पाहुणे ठेवायला लागल्या. फक्त नोकरी संपल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं. चार खोल्यांचा त्यांनी वॉर्ड केला होता.

सकाळी सातला राउंड. पाहुणा जागा असो नसो, दारावर टकटक. मागे मी, हातात वही. "दोन नंबर, झोप लागली? पोट साफ?" नवीन लग्न झालेलं जोडपं असलं की मला त्या वहीत तोंड खुपसावंसं वाटायचं. नावानं त्या कुणालाच ओळखत नसत. "तीन नंबरनं काल मासळीला हात लावला नाही, त्याला आज पेज दे." "एक नंबरचा मुलगा शिंकतोय, त्याचा सोलकढीचा ग्लास बंद." पाहुण्यांना भेटायला कुणी आलं तर वेळ चार ते सहा. निघायच्या दिवसाला त्या 'डिस्चार्ज' म्हणत. चादरीचे कोपरे दवाखान्यासारखे काटकोनात दुमडलेले असायचे. ते मला शेवटपर्यंत नीट जमले नाहीत, आणि त्या शेवटपर्यंत ते उसकटून मला परत घालायला लावत राहिल्या.

तऱ्हेवाईकपणा ऐकून लोक येणार नाहीत असं वाटेल. पण खोल्या भरलेल्या असायच्या. रागावून गेलेली माणसं पुढच्या वर्षी परत यायची, आणि येताना आपल्या आईवडलांना घेऊन यायची. एकदा एक गृहस्थ आले होते, मोठी गाडी, मोठा आवाज. उधाणाची वेळ होती आणि त्यांना मुलांना घेऊन पोहायला जायचं होतं. सिस्टर फाटकात उभ्या राहिल्या.

"दोन तास थांबा. आता पाणी ओढतं."

"आम्ही पैसे भरलेत, मॅडम."

सिस्टर आत गेल्या, त्यांचे पैसे आणले, त्यांच्या हातावर ठेवले. "आता नाही भरलेत. आता थांबा."  मग त्यांच्या बायकोनं नवऱ्याच्या हातातून पैसे काढून सिस्टरना परत दिले आणि ती मुलांना घेऊन झोपाळ्यावर जाऊन बसली. दोन तासांनी सगळी गेली, भिजून आली, आणि रात्री जेवताना त्याच गृहस्थांनी तिसऱ्यांदा आमटी मागून घेतली.

कोळीवाड्यातले लोक तर त्यांना डॉक्टरच मानायचे. जाळं सोडवताना पायात शिंगाळा माशाचा काटा गेला की तिथली माणसं दवाखान्याआधी आमच्या अंगणात यायची. सिस्टर कढत, पण सोसवेल इतपत, पाण्याची बादली मागवत आणि पाय त्यात बुडवून ठेवायला लावत. कण्हणाऱ्या माणसाला त्या एकच वाक्य म्हणायच्या, "नुसतं आई आई करू नकोस. दुखतं तिथं बोट ठेव." धन्यवाद कुणी म्हटलं तर चिडायच्या. "आभार ठेव तुझ्याकडे. उद्या ड्रेसिंगला वेळेवर ये." त्या उद्याला माणूस यायचा तो केळीच्या पानात सुरमईचे तुकडे घेऊन.

अशा ठिकाणी मी सात महिने शनिवार-रविवार काम केलं आणि मला ते फार आवडायला लागलं. फोन मी घ्यायचे, खोल्या कुणाला द्यायच्या ते मी सांगायचे, भरती-ओहोटीच्या वेळा मी फळ्यावर लिहायचे. एप्रिलमध्ये सिस्टर म्हणाल्या, "मे महिनाभर रोज ये. राहा इथेच. माझे गुडघे आता राउंडला साथ देत नाहीत. राउंड तू घे." मला कुणी मेडल दिलं असतं तरी इतका आनंद झाला नसता.

आणि नेमकं त्याच आठवड्यात पुण्याहून पत्र आलं.

झालं होतं असं, की आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सरांनी जानेवारीत माझ्याकडून एक फॉर्म भरून घेतला होता. पुण्यातल्या एका कॉलेजात मे महिन्यात अठरा दिवसांचं शिबिर होतं, खेड्यापाड्यातल्या अकरावीच्या मुलांसाठी. राहणं, जेवण, प्रवास सगळं कॉलेजकडून. तिथल्या प्रयोगशाळेत काम करायचं, तिथल्या प्राध्यापकांकडून शिकायचं, कॉलेज म्हणजे काय ते बघायचं. मी एक निबंध लिहिला होता आणि विसरून गेले होते. आता माझी निवड झाली होती.

पत्र मी दप्तरात ठेवलं. घरी दाखवलं नाही, सिस्टरना दाखवलं नाही. तीन दिवस ठेवलं आणि चौथ्या दिवशी उत्तर लिहिलं, की वडील अंथरुणाला खिळले आहेत, मला सुट्टीत काम करणं भाग आहे, तरी मला येता येणार नाही.

ह्यातलं थोडं खरं होतं. बाबा मार्चमध्ये गोठ्याची कौलं बदलताना पडले होते, पाय मोडला होता. ते एका कंपनीत कंत्राटावर होते, तिकडचं काम तात्पुरतं थांबलं होतं. पण प्लास्टर निघून आठवडा झाला होता आणि ते काठी टेकत सगळीकडे हिंडत होते. घरी कुणी मला कमवायला सांगितलं नव्हतं. मी उत्तर पोस्टात टाकलं आणि मला अगदी हलकं वाटलं. आता मे महिना माझा होता.

आमच्या गावात टेकाडावर चढल्याशिवाय मोबाइलला रेंज मिळत नसे, म्हणून फॉर्मवर मी संपर्कासाठी सिस्टरांचा नंबर दिला होता. हे मात्र मी साफ विसरले होते.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी दुपारी मी चादरी वाळत घालत होते. सिस्टर फोनवर बोलत होत्या आणि त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, म्हणून मी लक्ष दिलं नाही. फोन ठेवून त्यांनी मला हाक मारली. समोर बाकावर बसायला सांगितलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं, पाठकोरी बाजू वर केली आणि पेन काढलं.

"नाव?"

"सिस्टर, काय झालं?"

"नाव. वय." त्यांनी माझं नाव आणि वय स्वतःच लिहिलं. "तक्रार?"

मी ओले हात ओढणीला पुसले.

"पुण्याच्या कॉलेजातून बाईंचा फोन होता. तुझी जागा त्यांनी अजून कुणाला दिलेली नाही. गुरुवारपर्यंत ठेवतील. मला विचारत होत्या, वडील खरंच अंथरुणाला खिळलेत का, काही मदत हवी आहे का. तक्रार सांग."

"बाबांचा पाय..."

"बाबांची तक्रार बाबा सांगतील. तुझी सांग. दुखतं तिथं बोट ठेव."

मी रडायला लागले. सिस्टर रडणाऱ्या माणसासमोर अजिबात हलायच्या नाहीत. पेन धरून बसून राहिल्या. चादरीवरून पाणी ठिबकत होतं. शेवटी मीच बोलले.

"तिकडे सगळे इंग्रजीत बोलतील."

त्यांनी लिहिलं. "आणखी?"

"मोठ्या शहरातली मुलं असतील."

"खेड्यातल्यांसाठी आहे म्हणाल्या त्या. पण लिहिते. आणखी?"

"इथं मला सगळं येतं," मी म्हटलं. "तिथं मला काहीच येणार नाही."

 ते वाक्य त्यांनी सावकाश, पूर्ण लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली.

"किती दिवसांपासून?"

"पत्र आल्यापासून."

"बरं. आता माझं ऐक. मला स्वार्थ आहे. मे महिना आहे, चारी खोल्या भरलेल्या आहेत, माझे गुडघे गेलेत. तू गेलीस तर माझे हाल आहेत. म्हणून तू जा असं म्हणायला माझी जीभ वळत नाही, आणि राहा म्हटलं तर ते माझ्या सोयीचं. तेव्हा माझा सल्ला बाद. भीती वाटते म्हणून नाही गेलीस तरी मी काही म्हणणार नाही. पुष्कळ माणसं भीतीनं बऱ्याच गोष्टी करत नाहीत आणि सुखानं जगतात. पण चालत्या माणसाला तू अंथरुणाला खिळवलंस. असला रिपोर्ट माझ्या वॉर्डातून बाहेर गेलेला मला चालणार नाही. त्यांना कळवायच्या आधी बापाला सांग."

"तुम्ही सांगाल?"

"मी का सांगू? मी बरोबर येईन."

दुसऱ्या दिवशी दहाच्या एसटीनं आम्ही दोघी गावी गेलो. पाहुण्यांना त्यांनी सकाळीच सांगून टाकलं होतं की आज राउंड लवकर होईल आणि दुपारचं जेवण झाकून ठेवलेलं आहे, आपापलं वाढून घ्या. एसटीत त्यांनी कंडक्टरची नाडी बघितली. माझी नाही बघितली.

बाबा ओटीवर बसून कोयत्यानं बांबूच्या कामट्या काढत होते. सिस्टरना बघून ते गडबडीनं उठले, आत गेले, खुर्ची आणायला. काठी न घेता. सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं असं मला झालं.

त्यांनी बाबांचा पाय तपासला. चालून दाखवायला लावलं, पायरी चढायला लावली. "छान जुळलंय. पाऊस सुरू व्हायच्या आत कामावर जाल," म्हणाल्या. मग उठल्या. "तुमच्या मुलीला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. मी परसात जाते, दोडक्याचा वेल बघते." आणि आईला हाताला धरून घेऊन गेल्या.

मी सांगितलं. पत्राचं, निबंधाचं, उत्तराचं. बाबा कामटी हातात धरून ऐकत होते.

"माझ्या पायाचं निमित्त केलंस?"

"व्हय," मी म्हटलं. घरी मी घरच्यासारखीच बोलायचे.

त्यांनी कामटीवरची एक शीर नखानं सोलून काढली. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"त्या पुण्याच्या बाईंना काय वाटलं आसंल," ते म्हणाले. "बाप खाटेवं पडलाय नि पोरीला राबवतोय. मी तुला कवा काम कर म्हंटलो?"

"न्हाय म्हंटलात."

"मग?"

"मला भीती वाटते, बाबा."

त्यांनी कामटी खाली ठेवली. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "मग तसं म्हणायचं ना. भीती वाटाय लाज कसली? कंपनीत पयल्या दिवशी मी गेटावनं परत आल्तो. येवढं मोठं गेट, येवढे भोंगे. म्हंटलं, आपल्याच्यानं व्हनार न्हाय. दुपारी घरी."

"डबा पन तसाच भरलेला," परसातून आईचा आवाज आला. म्हणजे दोघी ऐकत होत्या तर.

"मग काय केलंत?" मी विचारलं. ही गोष्ट मी जन्मात ऐकली नव्हती.

"तुझी आई काय बोलली न्हाय. डबा खाल्ला. दुसऱ्या दिवशी गेलो." ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मला कुनी इचारलं न्हवतं. मी तुला इचारतो. माझा पाय सोड. सिस्टरबायचं काम सोड. तुला जायचंय का?"

"जायचंय," मी म्हटलं. ते तोंडातून निघालं तेव्हा मलाच कळलं की मला जायचं होतं.

सिस्टर परसातून आल्या त्या पदरात चार दोडकी घेऊन. मी त्यांना सांगितलं, मी जाते. त्या "ठीक आहे" म्हणाल्या. चेहऱ्यावर काही नाही, पण खुर्चीत बसताना त्यांनी दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले, ते मी पाहिलं.  आई चहा घेऊन आली. कप सिस्टरांच्या हातात देऊन ती तिथंच उभी राहिली.

"ताई," ती म्हणाली, "मी येऊ का हिच्या जागी?"

बाबांनी मान वर केली. "तू?"

"का? मला भाकऱ्या येत न्हाईत? तुमी आता चालता. अठरा दिवस भात शिजवून खाल की न्हाय?"

माझी आई तोवर शेत, घर आणि माहेर ह्यापलीकडे कुठे गेलेली नव्हती. श्रीवर्धनला जायची ती वर्षातून दोनदा, तीही बाबांच्या मागे मागे चालत. सिस्टरनी कप खाली ठेवला, आईचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघितलं. ह्या वेळी अर्धं मिनिट मला फार मोठं वाटलं.

"संथ आहे," त्या म्हणाल्या. "परवापासून या."

पुण्याला जाऊन मी काही चमत्कार केला असं मुळीच नाही. पहिले तीन दिवस मी रडले. जेवणघरात मला ताट घेऊन कुठं बसावं कळायचं नाही, म्हणून मी जेवायलाच जायचे नाही, खोलीत बिस्किटं खायचे. चौथ्या दिवशी दुपारी मी वसतिगृहाच्या पायऱ्यांवर बसून सिस्टरना फोन लावला.

"मला परत यायचंय."

"जेवलीस?"

"नाही."

"जेव. मग फोन कर."

फोन बंद. मी गेले, ताट घेतलं, एका बाकावर टेकले. शेजारी गडचिरोलीकडची एक मुलगी होती, ती म्हणाली, "तू रोज कुठं असतेस? मी एकटीच बसते इथं." आम्ही दोघी पोटभर जेवलो. मी पुन्हा फोन लावला.

"आता कसं वाटतंय?"

"जरा बरं."

"मग ती भूक होती. ठेव फोन, माझी आमटी उतू जातेय."

इंग्रजीचा बाऊ पहिल्या आठवड्यातच संपला, कारण आमच्यातल्या निम्म्यांना ते येत नव्हतं आणि शिकवणाऱ्यांना ते ठाऊक होतं. फोन केलेल्या त्या प्राध्यापिका बाई मातीवर काम करायच्या. एके दिवशी त्यांनी विचारलं, तुमच्या गावचा एखादा प्रश्न सांगा, ज्याचं उत्तर तुम्हाला कुणी दिलेलं नाही. मी हात वर केला. माझ्या आजोळी, खाडीच्या बाजूला, बांध फुटून खारं पाणी शेतात आलं होतं. पाणी गेलं, चार पावसाळे झाले, तरी तिथं भात धरत नव्हतं. पाणी गेलं मग मीठ का जात नाही? मी हे मराठीत विचारलं, आमच्या गावच्या मराठीत. बाई म्हणाल्या, "हे आपण मोजून बघू." पुढचे आठ दिवस मी मातीत मीठ कालवून, पाणी घालून, गाळून, यंत्रावर आकडे बघत होते. जेवायची घंटा व्हायची ती मला ऐकू यायची नाही.

शेवटच्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले आणि कबूल केलं की वडील खिळलेले नव्हते. त्या हसल्या. "मला माहीत आहे. तुमच्या सिस्टरांनी दुसऱ्याच दिवशी फोन केला होता. म्हणाल्या, आमच्याकडून गेलेला रिपोर्ट चुकीचा होता, पेशंटचे वडील हिंडतेफिरते आहेत, पेशंट येत आहे."

परत आले तेव्हा मी सरळ वाडीवर गेले, आईला घ्यायला. मे महिन्याचे अजून काही दिवस उरले होते, मला वाटलं आता मी कामाला लागेन. अंगणात आई उभी होती आणि ठाण्याहून आलेल्या एका बाईला सांगत होती, "आता न्हाय जायचं पान्यात. चारला जा. तवर पोरांना आंबोळ्या देते." त्या बाईनं मुकाट्यानं ऐकलं. मी आईला तशा आवाजात बोलताना कधी ऐकलंच नव्हतं.

"मी उद्यापासून येऊ?" मी सिस्टरना विचारलं.

"कशाला? जागा भरली," त्या म्हणाल्या. "तुझी आई राहतेय."

खरं सांगते, मला वाईट वाटलं. माझी जागा माझ्याच आईनं घेतली ह्याचा मला दोन-तीन दिवस राग होता. घरी मी आणि बाबा भात शिजवायचो, तो कधी कच्चा, कधी करपलेला. सोमवारी आई घरी यायची ती गोष्टींची पोतडी घेऊन. दोन नंबरच्या म्हातारबाबांना बांगड्याचे काटे काढून दिले म्हणून ते रडले. एक नंबरच्या पोरीनं ओव्या शिकवा म्हणून हट्ट धरला. सिस्टरांशी भांडण झालं. भांडण दर आठवड्याला व्हायचं. आईनं राउंडची वेळ सातवरून आठ करून घेतली. "मानसं झोपाया आल्यात, ताई. त्यांना झोपूंद्या." ज्या बाईनं मोठ्या गाडीवाल्याला फाटकात अडवलं, ती माझ्या आईपुढं नमली. पाहुण्यांना पोट साफ झालं का हे विचारणंही आईनं बंद करायला लावलं, मात्र ते सिस्टरनी फार काळ पाळलं नाही.

अठरा दिवसांचं काम आईनं सात वर्षं केलं. सीझनला ती तिथंच राहायची, भात लावणी-कापणीला घरी. बाबा त्या पावसाळ्याच्या आधी कंपनीत परत गेले. मी बारावी केली, मग पुण्यालाच बीएस्सी, पुढे मृदाशास्त्र. आता मी माती तपासायच्या एका प्रयोगशाळेत आहे. किनाऱ्याकडच्या गावांतून खारवलेल्या मातीच्या पिशव्या येतात, वर शेतकऱ्याचं नाव, गट नंबर. मी मोजते, कळवते, शक्य असेल तिथं जाऊन बघते. काम साधं आहे. मला ते आवडतं.

सिस्टरांच्या गुडघ्यांनी अखेर साथ सोडली तेव्हा त्यांनी वाडी विकली आणि त्या पालीला भाचीकडे राहायला गेल्या. गेल्या हिवाळ्यात मी आणि आई त्यांना भेटायला गेलो. वाटेत मी मनाशी वाक्यं जुळवत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना नीट कधी काही म्हटलं नव्हतं, आणि त्या ऐकून घेणाऱ्यांपैकी नव्हत्या.

त्या खिडकीशी पलंगावर बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या, पण साडी तशीच कडक. आईला बघून त्यांचा चेहरा असा फुलला, की मीही आत आलेय हे त्यांना दिसलंच नाही की काय असं मला वाटलं. "अगं, किती उशीर! बस. इथं बस, जवळ."

भाचीनं चहा दिला. मी संधी बघून बोलले. म्हटलं, सिस्टर, तुम्ही त्या दिवशी एसटीनं आमच्या घरी आला नसतात तर मी आज जिथं आहे तिथं नसते. हे मला तुम्हाला सांगायचं होतं. 

त्यांनी ऐकून घेतलं. अडवलं नाही, चिडल्या नाहीत. 

"बरं," त्या म्हणाल्या. "पोचलं. आता तू बाहेर जाऊन बस जरा. मला तुझ्या आईशी बोलायचंय."

मी बाहेर येऊन ओट्यावर बसले. रस्त्यानं बल्लाळेश्वराला आलेल्या लोकांच्या गाड्या चालल्या होत्या, कोपऱ्यावर एक बाई नारळ आणि दूर्वा विकत होती. आतून आधी सिस्टरांचा आवाज आला, मग आईचा, मग दोघींचा एकदम. कशावरून तरी वाद चालला होता. मग आई हसली. आमच्या घरी ती तोंडावर पदर धरून हसायची. इथं ती मोठ्यानं, खो खो हसत होती, मध्येच दम घेऊन पुन्हा हसत होती, आणि सिस्टर तिला आणखी काहीतरी सांगत होत्या. शेवटची एसटी पाचला होती. साडेचार वाजून गेले होते. मी उठले नाही.